ओपनबीएसडी: ‘आधी सगळं बंद’ ठेवणारी ऑपरेटिंग सिस्टीम घरी कशी शिकायची?

ओपनबीएसडी हे नाव बहुतेकांनी ऐकलेलं नसतं, पण तिचा कोड बहुतेकांच्या खिशात असतो. अँड्रॉइड फोनच्या पायाशी ‘बायोनिक’ नावाची सी भाषेची लायब्ररी असते. तिच्यातला बराच कोड ओपनबीएसडीमधून घेतलेला आहे. ॲपलच्या मॅकओएसमधली ‘पीएफ’ ही फायरवॉल मूळची ओपनबीएसडीची. दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन करण्यासाठी जगभर वापरलं जाणारं ‘ओपनएसएसएच’ हे सॉफ्टवेअरही याच प्रकल्पातून आलं. विंडोज १० मध्ये ते २०१८ पासून मिळतं.

म्हणजे सुरक्षेच्या बाबतीत मोठमोठ्या कंपन्या ज्या प्रकल्पाकडून उसनं घेतात, ती सिस्टीम कुणालाही फुकट डाउनलोड करता येते आणि घरच्या जुन्या लॅपटॉपवर चालवता येते. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ज्यांच्यावर चालत नाही असे कित्येक चांगले लॅपटॉप आता कपाटात पडून आहेत. त्यातल्या एखाद्यावर ओपनबीएसडी शिकता येईल का? शिकून घरी काय फायदा? आणि कुठे अडेल? सविस्तर पाहू.

ओपनबीएसडी म्हणजे नेमकं काय?

ओपनबीएसडी ही युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टीम आहे. युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये झाला. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची ही त्यामागची प्रमुख नावं. पुढे १९७० च्या दशकात बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने युनिक्समध्ये स्वतःची भर घालून वेगळी आवृत्ती वाटायला सुरुवात केली. तिचं नाव ‘बर्कली सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन’, म्हणजेच बीएसडी.

या बीएसडीतून १९९३ साली ‘नेटबीएसडी’ हा मुक्त प्रकल्प निघाला. त्याच्या संस्थापकांपैकी एक होते थिओ डी राट. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले आणि कॅनडातल्या कॅल्गरी शहरात राहणारे हे प्रोग्रामर. इतर सहकाऱ्यांशी मतभेद झाल्याने डिसेंबर १९९४ मध्ये त्यांना नेटबीएसडीतून बाहेर पडावं लागलं. ऑक्टोबर १९९५ मध्ये त्यांनी त्याच कोडपासून ओपनबीएसडी सुरू केली.

प्रकल्प कॅनडात असण्याचा एक फायदा झाला. त्या काळात अमेरिकेतून मजबूत एन्क्रिप्शन असलेलं सॉफ्टवेअर परदेशी पाठवण्यावर कडक बंधनं होती. ओपनबीएसडीने हे काम कॅनडातून केलं. त्यामुळे एन्क्रिप्शन सुरुवातीपासूनच सिस्टीममध्ये घालता आलं.

तिचं बोधचिन्ह आहे ‘पफी’ नावाचा फुगणारा, काटेरी मासा. याच कुळातल्या माशाला कोकण किनाऱ्यावर ‘केंड’ म्हणतात. दिसायला साधा, पण छेडलं की अंग फुगवणारा. सिस्टीमचा स्वभाव सांगायला तो पुरेसा आहे.

लिनक्सपेक्षा ती वेगळी कशी?

लिनक्स हे खरं तर फक्त कर्नलचं, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याचं नाव. उबुंटू किंवा फेडोरासारखे प्रकल्प तो कर्नल घेतात, त्याला शेकडो ठिकाणांहून आणलेले प्रोग्रॅम जोडतात आणि एक सिस्टीम तयार करतात.

ओपनबीएसडीत कर्नल, रोजच्या कमांड, फायरवॉल आणि मॅन्युअल हे सगळं एकच गट एकाच ठिकाणी सांभाळतो. दर सहा महिन्यांनी हे सगळं एकत्र नव्या आवृत्तीत बाहेर पडतं, साधारण एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास.

शिकणाऱ्याला याचा थेट फायदा होतो. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच समोरच्या मशीनवर दिसतं. दहा वर्षांपूर्वीचा व्हिडिओ पाहून केलेली कमांड चालत नाही, मग दुसरा व्हिडिओ, मग तिसरा, हा फेरा बराच कमी होतो.

ती ‘सुरक्षित’ मानली जाते ती कशामुळे?

पहिलं कारण सगळ्यात साधं आहे. नव्याने बसवलेल्या ओपनबीएसडीत फारच कमी गोष्टी चालू असतात. वेब सर्व्हर सिस्टीमसोबत येतो, पण बंद असतो. जे हवं ते मालकाने स्वतः चालू करायचं. मायक्रोफोन आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंगही सुरुवातीला बंदच असतं. एखाद्या प्रोग्रॅमने माइक उघडला तरी त्याला फक्त शांतता ऐकू येते.

दुसरं कारण म्हणजे कोडची तपासणी. १९९६ पासून या प्रकल्पातले लोक फाइलमागून फाइल वाचून चुका शोधत आले आहेत. एका जागी चूक सापडली की त्याच प्रकारची चूक सगळीकडे शोधायची, ही त्यांची पद्धत.

तिसरं कारण असं की चूक राहणारच हे गृहीत धरून तिचा गैरफायदा घेणं अवघड केलेलं आहे. त्यातले काही उपाय असे:

• मेमरीचा कुठलाही भाग एका वेळी एकतर लिहिण्यासाठी असतो किंवा चालवण्यासाठी. दोन्ही एकदम नाही. त्यामुळे बाहेरून घुसवलेला कोड लगेच चालवता येत नाही. २००३ पासून ओपनबीएसडीत हे आहे.

• ‘प्लेज’ ही सोय २०१५ साली आली. प्रोग्रॅम सुरू होतानाच कर्नलला सांगतो की मी एवढीच कामं करणार. शब्द मोडला की कर्नल त्याला तिथेच बंद करतो.

• ‘अनव्हील’ ही सोय २०१८ ची. प्रोग्रॅमला कोणत्या फाइल आणि फोल्डर दिसावेत हे यातून ठरतं. स्वयंपाकाला आलेल्या माणसाला स्वयंपाकघराची किल्ली द्यावी, तिजोरीच्या खोलीची नाही, तसा हा प्रकार. ओपनबीएसडीवरचे फायरफॉक्स आणि क्रोमियम हे ब्राउझर तुमच्या फाइलींपैकी जवळपास फक्त ‘डाउनलोड्स’ फोल्डरच पाहू शकतात.

• २०१७ पासून मशीन प्रत्येक वेळी सुरू होताना कर्नलचे तुकडे नव्या क्रमाने जोडले जातात. त्यामुळे एका मशीनसाठी रचलेला हल्ला दुसऱ्या मशीनवर जसाच्या तसा चालवणं कठीण होतं.

याचा प्रत्यक्ष उपयोग झाल्याचं उदाहरण आहे का?

आहे. १ जुलै २०२४ रोजी ‘क्वालिस’ या सुरक्षा कंपनीने ओपनएसएसएचमधली एक गंभीर त्रुटी जाहीर केली. लिनक्सच्या असंख्य सर्व्हरना तिचा धोका होता. पण खुद्द ओपनबीएसडीला नव्हता. कारण त्रुटीच्या मुळाशी असलेली लॉग लिहिण्याची क्रिया सुरक्षितपणे करण्याची पद्धत ओपनबीएसडीने २००१ सालीच तयार करून वापरात आणली होती. तेवीस वर्षांपूर्वीची शिस्त अशी कामी आली.

मग ती हॅक होऊच शकत नाही का?

असं अजिबात नाही. प्रकल्प स्वतःच सांगतो की इतक्या वर्षांत मूळ इन्स्टॉलेशनमध्ये दुरून घुसता येईल अशा दोनच त्रुटी सापडल्या. त्यातली एक २००२ सालची, दुसरी २००७ सालची. या दाव्यातला ‘मूळ इन्स्टॉलेशन’ हा शब्द महत्त्वाचा आहे. तुम्ही नंतर चालू केलेल्या सर्व्हिस आणि बाहेरून बसवलेले प्रोग्रॅम त्यात धरलेले नाहीत.

जानेवारी २०२० मध्ये ओपनबीएसडीच्याच ‘ओपनएसएमटीपीडी’ या मेल सर्व्हरमध्ये फार गंभीर त्रुटी सापडली होती. मूळ सेटिंगमध्ये हा सर्व्हर बाहेरच्या नेटवर्कवरून मेल घेत नाही. ज्यांनी तो बाहेरच्यांसाठी उघडला होता, त्यांना घाईने पॅच लावावा लागला. बोध एवढाच की उघडलेल्या प्रत्येक दाराची जबाबदारी उघडणाऱ्यावर असते.

घरी शिकून काय मिळतं?

आपल्या मशीनवर या क्षणी नेमकं काय चालू आहे, हे बहुतेकांना सांगता येत नाही. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला की शेकडो नावं दिसतात आणि त्यातली बहुतेक अनोळखी असतात. ओपनबीएसडीत चालू असलेल्या प्रोग्रॅमची यादी इतकी छोटी असते की प्रत्येक नाव मॅन्युअलमध्ये उघडून वाचता येतं. काही संध्याकाळी दिल्या की यादीतलं एकही नाव अनोळखी राहत नाही.

हे ज्ञान दुसऱ्या सिस्टीमवरही उपयोगी पडतं. फाइलींचे हक्क, नेटवर्कचे पोर्ट, फायरवॉलचे नियम, लॉग वाचणं या गोष्टी लिनक्स सर्व्हरवर, क्लाउडवर किंवा ऑफिसच्या राउटरवर थोड्याफार फरकाने तशाच असतात. नेटवर्किंग किंवा सायबर सुरक्षेत जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ही फुकटची प्रयोगशाळा आहे.

सुरुवात कशावर करावी?

रोजच्या कामाच्या लॅपटॉपवर पहिला प्रयोग करू नये. इन्स्टॉलरमध्ये एक चुकीचं उत्तर दिलं की पूर्ण डिस्क पुसली जाते. दोन मार्ग सुरक्षित आहेत.

पहिला मार्ग व्हर्च्युअल मशीनचा. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्रॅममध्ये एक काल्पनिक कॉम्प्युटर तयार करायचा, त्याला दोन जीबी मेमरी आणि वीसेक जीबी डिस्क द्यायची. बिघडलं तर पुसून पुन्हा सुरुवात. इन्स्टॉलेशन आणि कमांडची सवय होण्यासाठी एवढं पुरे.

दुसरा मार्ग जुन्या लॅपटॉपचा. त्यातला सगळा डेटा आधी दुसरीकडे काढून घ्यायचा. इंटेलचं वाय-फाय आणि इंटेलचेच ग्राफिक्स असलेले लॅपटॉप सहसा कमी त्रास देतात. थिंकपॅड मालिका ओपनबीएसडी वापरणाऱ्यांत विशेष लोकप्रिय आहे. एनव्हीडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा वेग मात्र इथे मिळत नाही. काही वाय-फाय कार्डांना वेगळी फर्मवेअर फाइल लागते आणि ती मिळवायलाच इंटरनेट हवं असतं. म्हणून पहिल्या दिवशी लॅन केबल किंवा फोनचं यूएसबी टेदरिंग जवळ असलेलं बरं.

इन्स्टॉलेशन कसं होतं?

इन्स्टॉलेशनची फाइल एक जीबीपेक्षा लहान असते. ती अधिकृत साइटवरूनच घ्यावी आणि डाउनलोड झाल्यावर साइटवर दिलेल्या चेकसमशी तिचा ‘शा-२५६’ आकडा जुळतो का ते पाहावं. मग ती पेनड्राइव्हवर लिहून त्यावरून मशीन सुरू करायचं.

समोर काळा पडदा आणि पांढरी अक्षरं येतात. माउस नाही, रंगीत खिडक्या नाहीत. इन्स्टॉलर एकेक प्रश्न विचारतो आणि सुचवलेलं उत्तर चौकोनी कंसात दाखवतो. ते पटलं तर फक्त एंटर दाबायचं. बहुतेक ठिकाणी तेच योग्य असतं. थोडं थांबून विचार करावा अशा जागा या:

• रूटचा पासवर्ड. रूट म्हणजे सिस्टीमचा सर्वाधिकारी. पासवर्ड मोठा ठेवा, रोजच्या वापरासाठी वेगळा युजर इथेच तयार करा.

• एसएसएच सर्व्हर चालू ठेवायचा का? सुचवलेलं उत्तर ‘होय’ असतं. या मशीनवर दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करायचं नसेल तर ‘नाही’ म्हणा.

• टाइमझोन. भारतासाठी ‘एशिया’ आणि मग ‘कोलकाता’.

• डिस्क एन्क्रिप्ट करायची का? २०२३ च्या ७.३ आवृत्तीपासून हा प्रश्न इन्स्टॉलरच विचारतो. लॅपटॉपसाठी ‘होय’ म्हणावं. लॅपटॉप चोरीला गेला तरी चोराला आतलं काही वाचता येत नाही. मात्र हा पासफ्रेज विसरलात तर तुम्हालाही वाचता येणार नाही, त्यावर उपाय नाही.

• डिस्कची विभागणी. ‘ऑटो’ निवडलं की सिस्टीम, तात्पुरत्या फाइली, लॉग आणि घरच्या फाइली यांसाठी वेगवेगळे भाग पडतात. हे सुरक्षेसाठीही चांगलं.

• फाइली पेनड्राइव्हवरूनच घेत असाल तर ‘पडताळणीची सही सापडली नाही, तरी पुढे जायचं का’ अशा अर्थाचा प्रश्न येतो. घाबरून जाण्याचं कारण नाही. ती सही पेनड्राइव्हच्या फाइलमध्ये नसतेच. चेकसम आधीच जुळवून पाहिला असेल तर ‘येस’ लिहून पुढे जा.

हे सगळं साधारण अर्ध्या तासात आटोपतं.

पहिल्या आठवड्यात काय करावं?

मशीन पुन्हा सुरू झालं की रूट म्हणून लॉगिन करा आणि ‘मेल’ ही कमांड द्या. थिओ डी राट यांच्या नावाने स्वागताचं पत्र आलेलं असतं. पुढे काय वाचायचं ते त्यात सांगितलेलं असतं.

त्यानंतर मॅन्युअल. एम, ए, एन ही तीन अक्षरं, पुढे एक जागा सोडून विषयाचं नाव, एवढीच कमांड. पहिलं पान ‘आफ्टरबूट’ नावाचं वाचावं. इन्स्टॉलेशननंतर काय काय तपासायचं याची ती यादीच आहे. कोणत्या विषयाचं पान हवं हे ठाऊक नसेल तर ‘अप्रोपोज’ ही कमांड शब्दावरून पान शोधून देते. ओपनबीएसडीत मॅन्युअल अपुरं असणं ही कोडमधल्या चुकीइतकीच गंभीर चूक मानली जाते. म्हणून इथे गूगल करण्याआधी मॅन्युअल उघडण्याची सवय लावावी.

मग पुढची पाच कामं, याच क्रमाने:

१. ‘सिसपॅच’ चालवून सुरक्षेचे ताजे पॅच लावा. ही कमांड २०१७ पासून आहे आणि तिला सहसा काही मिनिटंच लागतात.

२. ‘एफडब्ल्यू-अपडेट’ चालवून वाय-फाय आणि ग्राफिक्सची फर्मवेअर घ्या.

३. ‘डूआज’ची व्यवस्था लावा. रोजच्या युजरला गरजेपुरते रूटचे अधिकार देणारी ही कमांड लिनक्सच्या ‘सुडो’सारखीच, पण खूप छोटी आहे. नमुन्याची फाइल सिस्टीममध्ये ‘एक्झाम्पल्स’ फोल्डरमध्ये असते. ती योग्य जागी कॉपी केली की झालं.

४. ‘पॅकेज-ॲड’ कमांडने हवे ते प्रोग्रॅम बसवा. फायरफॉक्स, क्रोमियम, लिबरऑफिस, व्हीएलसी हे सगळं उपलब्ध आहे.

५. ‘आरसीसीटीएल’ ही कमांड शिका. कोणती सर्व्हिस चालू आहे, कोणती बंद, हे तिच्यावरून कळतं. लॅपटॉप असेल तर बॅटरी आणि स्लीपसाठीची ‘एपीएमडी’ ही सर्व्हिस याच कमांडने चालू करता येते.

एक गोष्ट पाठ करून ठेवावी. पॅच फक्त शेवटच्या दोन आवृत्त्यांना मिळतात. म्हणजे आज बसवलेली आवृत्ती साधारण एका वर्षाने उघडी पडते. नव्या आवृत्तीवर जाण्यासाठी २०१९ पासून ‘सिसअपग्रेड’ ही कमांड आहे. ती फाइली उतरवते, त्यांची सही तपासते, मशीन पुन्हा सुरू करते आणि नवी आवृत्ती बसवते. वर्षातून दोनदा हे केलं नाही तर ‘सुरक्षित सिस्टीम’ या नावाला अर्थ उरत नाही.

रोजचा डेस्कटॉप म्हणून ती चालेल का? मराठीचं काय?

ग्राफिकल पडदा सिस्टीमसोबतच येतो, पण मूळचे विंडो मॅनेजर जुन्या धाटणीचे आणि उघडेबोडके आहेत. विंडोजची सवय असलेल्यांनी एक्सएफसीई हा डेस्कटॉप पॅकेजमधून बसवावा. ग्नोम आणि केडीईसुद्धा मिळतात.

मराठी वाचण्यासाठी नोटो फॉन्टचं पॅकेज बसवलं की ब्राउझरमध्ये देवनागरी व्यवस्थित दिसते. टाइप करण्यासाठी इन्स्क्रिप्ट पद्धतीचा मराठी कीबोर्ड सिस्टीममध्येच असतो, फक्त निवडावा लागतो. टर्मिनलच्या काळ्या खिडकीत जोडाक्षरं मात्र तुटक दिसू शकतात. सिस्टीमचे संदेश आणि मॅन्युअल इंग्रजीतच आहेत. ती भाषा सोपी आणि नेमकी असली, तरी इंग्रजी वाचनाची थोडी तयारी लागते.

ब्राउझरबद्दल एक अडचण हमखास येते. फाइल अपलोड करायला गेलं की ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर रिकामा दिसतो आणि नवशिक्याला वाटतं की फाइली उडाल्या. त्या जागेवरच असतात. वर सांगितलेल्या अनव्हीलमुळे त्या ब्राउझरला दिसत नाहीत. पाठवायची फाइल आधी ‘डाउनलोड्स’मध्ये कॉपी करायची. सुरुवातीला कटकट वाटते, पण एखाद्या वाईट वेबसाइटने ब्राउझर ताब्यात घेतला तर आधार कार्डाची स्कॅन कॉपी वाचते ती याच कटकटीमुळे.

वीज जाण्याचा विचारही करायला हवा. ओपनबीएसडीची फाइल सिस्टीम जुन्या पद्धतीची आहे. मशीन अचानक बंद पडलं तर पुढच्या वेळी सुरू होताना डिस्कची तपासणी चालते. डिस्क मोठी असेल तर त्यात वेळ जातो आणि क्वचित हाताने दुरुस्ती करावी लागते. लॅपटॉपची बॅटरी चांगली असेल तर प्रश्न नाही. डेस्कटॉपला मात्र यूपीएस लावाच आणि बॅकअप घेत राहा.

घरचं नेटवर्क तिच्या ताब्यात देता येतं का?

ओपनबीएसडीचा घरगुती वापर सर्वांत जास्त शोभतो तो इथे. इंटरनेट कंपनीने दिलेल्या राउटरला कित्येकदा वर्षानुवर्षं अपडेट मिळत नाहीत. दोन लॅन पोर्ट असलेला एखादा छोटा जुना कॉम्प्युटर त्याच्या मागे बसवला की घराचं फाटक आपल्या हातात येतं.

त्याचं मुख्य साधन म्हणजे २००१ साली आलेली पीएफ फायरवॉल. तिचे नियम एका साध्या मजकूर फाइलमध्ये जवळपास इंग्रजी वाक्यांसारखे लिहायचे असतात. एक तत्त्व लक्षात ठेवलं की निम्मं काम होतं: नियम वरून खाली वाचले जातात आणि लागू पडणारा शेवटचा नियम जिंकतो. म्हणून पहिल्या ओळीत ‘सगळं अडव’ लिहायचं आणि खाली एकेक परवानगी देत जायचं. नियमात ‘क्विक’ हा शब्द असेल तर मात्र तिथेच निकाल लागतो.

नियम बदलल्यावर लगेच लागू करू नयेत. ‘पीएफसीटीएल’ कमांडला एक पर्याय देऊन फाइलमध्ये चूक आहे का हे आधी तपासता येतं. आणि दुसऱ्या खोलीतून एसएसएचने काम करत असाल तर एका चुकीच्या ओळीने स्वतःलाच बाहेर काढाल. पहिल्यांदा कीबोर्ड आणि मॉनिटर जोडूनच काम करावं.

घरातल्या यंत्रांना आयपी पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर आणि वेबसाइटची नावं शोधणारा ‘अनबाउंड’ हे दोन्ही सिस्टीममध्येच असतात. अनबाउंडमध्ये जाहिराती आणि पाळत ठेवणाऱ्या साइटची नावं अडवता येतात. त्याचा परिणाम घरातल्या बहुतेक फोनवर दिसतो. बाहेरगावी असताना घरच्या नेटवर्कला सुरक्षित जोडून घेण्यासाठी ‘वायरगार्ड’ हे व्हीपीएनही २०२० पासून कर्नलमध्येच आहे.

सगळ्यात उपयोगी प्रयोग म्हणजे स्मार्ट टीव्ही आणि सीसीटीव्ही कॅमेरे वेगळ्या नेटवर्कवर टाकणं. टीव्हीला इंटरनेट मिळेल, पण लॅपटॉपपर्यंत पोचता येणार नाही, असा नियम दोन-तीन ओळींत होतो. पीएफचा लॉग चालू करून ‘टीसीपीडम्प’ने पाहिलं तर कोणतं यंत्र कुठे संपर्क साधतंय तेही दिसतं.

वाय-फाय पसरवण्याचं काम मात्र वेगळ्या ॲक्सेस पॉइंटकडेच ठेवावं. त्या बाबतीत ओपनबीएसडी मागे आहे.

काय चालत नाही?

यादी मोठी आहे आणि ती आधी वाचलेली बरी.

• ब्लूटूथ नाही. त्याचा कोड २०१४ साली काढून टाकण्यात आला. ब्लूटूथ हेडफोन विसरा.

• टॅली, एमएस ऑफिस असे विंडोजचे प्रोग्रॅम चालत नाहीत. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं ‘वाइन’ही इथे नाही.

• नेटफ्लिक्ससारख्या सेवांना लागणारं ‘वाइडवाइन’ हे कॉपी-संरक्षण उपलब्ध नाही. त्यामुळे ब्राउझरमध्ये त्यांचे चित्रपट चालत नाहीत.

• मोठे गेम जवळपास नाहीतच.

• वेग कमी पडू शकतो. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या त्रुटी उघड झाल्यावर २०१८ साली ओपनबीएसडीने हायपरथ्रेडिंग मूळ सेटिंगमध्ये बंद केलं. वेग आणि सुरक्षा यांत हा प्रकल्प सहसा सुरक्षेची बाजू घेतो.

घरातल्या सगळ्यांसाठी एकच कॉम्प्युटर असेल तर तो ओपनबीएसडीवर नेऊ नये. आई-वडिलांना जुना लॅपटॉप पुन्हा वापरता यावा एवढाच हेतू असेल, तर लिनक्स मिंटसारखी सिस्टीम जास्त सोयीची.

कोणत्या धोक्यांपासून ती वाचवत नाही?

सर्वसामान्य माणसाचे पैसे आज बहुतेकदा जातात ते फसवणुकीने. कुणी बँकेच्या नावाने फोन करून ओटीपी विचारतं, कुणी ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालतं, कुणी वीजबिलाच्या नावाने लिंक पाठवतं. अशा वेळी ओटीपी तुम्ही स्वतः सांगितलात, तर समोर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम आहे याने काहीच फरक पडत नाही. बनावट साइटवर पासवर्ड टाकला तर ओपनबीएसडीवरचा फायरफॉक्ससुद्धा तो मुकाट्याने पाठवून देतो. शिवाय घरातल्या पैशांचे बरेचसे व्यवहार फोनवर होतात आणि फोनवर ही सिस्टीम नसते.

गुप्तता आणि सुरक्षा या वेगळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात घ्यावं. ओपनबीएसडी स्वतःहून तुमची माहिती कुठे विकत नाही. पण फेसबुकवर लॉगिन केलं की तिथे काय नोंदवलं जातं यावर तिचा ताबा नाही.

किती वेळ लागतो आणि पुढचा टप्पा कोणता?

युनिक्सची अजिबात ओळख नसलेल्या माणसाने रोज तासभर दिला तर पहिल्या महिन्यात इन्स्टॉलेशन, फाइलींचे हक्क, ‘व्हीआय’ किंवा ‘एमजी’ या एडिटरमध्ये फाइल बदलणं, पॅकेज आणि पॅच एवढं हातात बसावं. दुसऱ्या महिन्यात पीएफचे नियम आणि नेटवर्कच्या फाइली. तिसऱ्या महिन्यात घरचा राउटर किंवा बॅकअप ठेवणारा छोटा सर्व्हर. प्रत्येक बदल एका वहीत लिहून ठेवावा: कोणती फाइल, कोणती ओळ, का बदलली. सहा महिन्यांनी आवृत्ती बदलताना ही वहीच उपयोगी पडते.

पुस्तकातून शिकायला आवडत असेल तर मायकेल डब्ल्यू. लुकास यांचं ‘ॲब्सोल्यूट ओपनबीएसडी’ हे पुस्तक प्रसिद्ध आहे. त्याची दुसरी आवृत्ती २०१३ ची असल्याने काही कमांड बदलल्या आहेत. म्हणून समजून घेण्यासाठी पुस्तक आणि प्रत्यक्ष कमांडसाठी मॅन्युअल, अशी विभागणी करावी.

अडलेला प्रश्न कुणाला विचारायचा असेल तर आधी मॅन्युअल वाचल्याचं आणि नेमका संदेश काय आला हे सांगणं अपेक्षित असतं. या प्रकल्पातली मंडळी देणग्यांवर आणि फावल्या वेळात काम करणारी आहेत. आयतं उत्तर मागणाऱ्याला तिथे रोखठोक बोलणं ऐकावं लागतं.

शिकणं जमलं की नाही हे ओळखायची एक सोपी परीक्षा आहे. मशीन सुरू करा, चालू प्रोग्रॅमची यादी काढा, उघडे पोर्ट पाहा आणि प्रत्येकापुढे ‘हा कशासाठी’ याचं उत्तर द्या. उत्तर न आलेला पोर्ट बंद करा. पुढे ओपनबीएसडी सोडून दुसरी सिस्टीम वापरायला घेतली तरी हाच प्रश्न तिथे विचारता येतो.